ऑरिनची मोरी

पडद्यावर मोरीचा फोटो आला आणि हॉलमधल्या पन्नास-साठ माणसांनी एकदम च् च् केलं.

ऑरिन स्टॅकपोल शेवटच्या रांगेत, दाराजवळ, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. हॅडलॉक गावच्या रस्तेखात्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती, त्यातली वीस मुकादम म्हणून. फोटोतली मोरी त्यानेच बसवलेली. मीडो ओढ्यावरच्या रस्त्याखालून काढलेला चार फुटी लोखंडी पाइप. पाइपाच्या तोंडातून पाणी दोन-अडीच फूट खाली डोहात पडत होतं, आणि त्या तोंडावर कोणीतरी लाल फुली मारली होती.

"खालचा गिरणीचा बंधारा आपण गेल्या वर्षी काढला," पडद्याशेजारी उभा असलेला वेंडेल एम्स सांगत होता. "एकशे ऐंशी वर्षांनी या मे महिन्यात समुद्रातले एलवाइफ मासे ओढ्यात शिरले. अंडी घालायला त्यांना वरच्या तळ्यात जायचंय. बिचारे चार मैल आले आणि इथे येऊन थडकले. या माशांना उडी मारता येत नाही. वीतभर पायरीसुद्धा त्यांना भिंतीसारखी. थोडक्यात काय, ओढ्याला बूच बसलंय!"

लोक हसले. पुढच्या रांगेतलं एक हसू ऑरिनने न बघता ओळखलं. ते लिओनाचं होतं. त्याच्या बायकोचं.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये महापुराने तो रस्ता धुऊन नेला होता. पलीकडची अकरा घरं तुटली होती. त्यातल्या एकात दिवस भरलेली बाई होती. ऑरिन तेव्हा जेमतेम तिशीचा. गारठ्यात, पावसात, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने नवव्या दिवशी पाइप बसवला आणि दहाव्या दिवशी त्यावरून दुधाची गाडी गेली. पुढच्या गावसभेत माणसं उठून उभी राहिली होती टाळ्या वाजवायला. लिओना तर हातमोजे काढून वाजवत होती, आवाज नीट यावा म्हणून. त्यानंतर बत्तीस हिवाळे गेले. त्या मोरीवरचा खडासुद्धा हलला नव्हता.

आणि आता ते बूच.

वेंडेल एम्स बॉस्टनहून चार वर्षांपूर्वी आला. पुलांचे नकाशे काढून निवृत्त झालेला, बायको गेलेली, घरात एकटा. माणूस वाईट नव्हता, हेच ऑरिनला जड जायचं. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. वेंडेल समोरच्याचं ऐकून घ्यायचा. मान तिरकी करून, मध्ये न बोलता ऐकायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं पोरांना वाढून निवृत्त झालेली लिओना त्याच्या ओढा समितीत गेली, आणि सहा महिन्यांत घरात दर तिसरं वाक्य 'वेन म्हणतो' असं सुरू व्हायला लागलं. वेन म्हणतो पाण्याला स्मरण असतं. वेन म्हणतो चिखल चाळला की शंभर वर्षं वाचता येतात. मे महिन्यात तर ती रोज सकाळी डबा घेऊन निघायची. पाइपाखाली अडकलेले मासे दोघं जाळीने बादलीत भरायचे आणि रस्ता ओलांडून वरच्या अंगाला सोडायचे. डब्यात सँडविच दोन असायची.

त्याच दिवसांत एकदा वेंडेल डेपोवर आला होता, रस्त्याचे जुने कागद बघायला. बोलता बोलता म्हणाला, "लिओनाच्या आजोबांचं धुरी-घर काय असेल नाही! काठीला दहा-दहा मासे ओवून धुरात टांगलेले. ती म्हणते, शाळेत पोरं हिच्या शेजारी बसायची नाहीत, केसांना धुराचा वास यायचा म्हणून. तुम्ही बघितलंत का हो ते?"

"हो तर," ऑरिन म्हणाला.

त्याने बघितलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तिच्या माहेरी, किनाऱ्यावर, तो पन्नास वेळा जाऊन आला होता.

रात्रीच्या जेवणाला त्याने विचारलं, "तुझ्या आजोबांचं धुरी-घर होतं?"

"होतं की."

"मला कधी बोलली नाहीस."

लिओनाने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "तू कधी विचारलं नाहीस, ऑरिन."

तिने ते साधेपणाने म्हटलं. म्हणूनच ते आत जाऊन बसलं.

आता हॉलमध्ये वेंडेल पुढच्या चित्राकडे गेला. लोखंडी पाइप काढायचा. त्याजागी अठरा फूट रुंदीची काँक्रीटची चौकट, तळ उघडा, म्हणजे ओढ्याला वाटेल की वर रस्ता नाहीच. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतच पाण्यात काम करायची परवानगी. तेवढ्यात झालं नाही तर वर्ष गेलं.

"एकच शंका आहे," तो म्हणाला. "माती तपासायला भोकं घेतली ती पूर्वेच्या काठावर आणि मधोमध. पश्चिमेला झाडीत यंत्र शिरलं नाही. तिथे खाली काय आहे, कोणाला माहीत आहे का?"

लिओनाने मागे वळून पाहिलं. सगळ्या रांगा ओलांडून सरळ ऑरिनकडे.

"ऑरिन," वेंडेल म्हणाला, "तुम्ही खणलं होतंत ना तिथे?"

"खणलं होतं."

"काही विशेष?"

"माती होती," ऑरिन म्हणाला.

हॉल खदखदून हसला. या वेळचं हसू ऑरिनच्या बाजूचं होतं. दोन वर्षांनी त्याला काहीतरी गोड लागलं. लिओना मात्र हसली नाही. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि मग पुढे वळली.

पश्चिमेच्या काठाखाली निळी चिकणमाती होती. वरून टणक, आत लोण्यासारखी. सत्त्याऐंशीत ऑरिनचं पोकलेन तिच्यात पट्ट्यांपर्यंत रुतलं होतं. तेव्हा त्याने जंगलातून स्प्रूसचे ओंडके तोडून आणले, चौदा फूट खोल आडवे-उभे अंथरले, वर अठरा डंपर दगड लोटले, तेव्हा कुठे जमीन थांबली. कागदावर हे कुठेच नव्हतं. तेव्हा कागद कोण करत बसतो! त्याच्याबरोबर खपलेले तिघं आता दफनभूमीत होते. म्हणजे साऱ्या गावात ते एकट्या ऑरिनला ठाऊक होतं.

सांगू, असं तो म्हणत होता. काम सुरू झालं की सांगू. विचारतील तेव्हा सांगू. त्याला हवं होतं ते इतकंच, की वेंडेलचा नकाशा एकदा चुकावा. ठेकेदाराचं यंत्र एकदा रुतावं, समितीने हात टेकावेत, आणि कोणीतरी म्हणावं, ऑरिनला बोलवा. आणि त्या वेळी लिओना तिथे असावी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पोकलेन पश्चिमेच्या काठाकडे वळलं. ते चालवायला ठेकेदाराचा लुसियन होता, पंचेचाळिशीचा, बडबड्या. गावच्या वतीने देखरेखीला ऑरिन होताच. त्या सकाळी वेंडेलची गाडी आली. त्याच्या शेजारून लिओना उतरली. दोघांच्या हातात एकाच दुकानातले कॉफीचे पेले.

"मुकादम, तोंड का असं? कोणी व्हिनेगर पाजलं का?" लुसियन वरून ओरडला.

"तू आपलं खण."

"खणतोय की! लोणी आहे लोणी. असं रोज मिळालं तर मी फुकट काम करीन."

बादलीत निळी माती वर आली. ऑरिनने ती पाहिली. त्याने तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात पलीकडे वेंडेल काहीतरी म्हणाला आणि लिओना खांदे हलवत हसली. ऑरिनने तोंड मिटलं.

दहा वाजता वेंडेल मोजपट्टीची काठी घेऊन खड्ड्याच्या कडेला गेला. खोली बघायला जरासा वाकला. कडा काही आवाज न करता बसली. ताटातली खीर कलंडावी तसा काठाचा एक तुकडा सरकला, आणि वेंडेल उभाच्या उभा खाली गेला. बघता बघता निळ्या मातीने त्याला छातीपर्यंत गिळलं.

लुसियन यंत्रातून उडी मारून धावला, दोर घेऊन.

"ओढायचं नाही!" ऑरिन ओरडला. "ओढलंस तर कमरेतून तुटेल तो. यंत्र मागे घे, बंद कर. फळ्या आण. पंपाची बारीक नळी आण!"

त्याने फळ्या टाकल्या आणि पोटावर सरपटत पुढे गेला. वेंडेलचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोघांच्या नाकांत हातभराचं अंतर. इतक्या जवळून त्याने या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पापण्या म्हाताऱ्या होत्या.

"हात पसरून ठेवा. हलू नका."

"मी खाली जातोय," वेंडेल पुटपुटला. "ऑरिन, मी खाली जातोय."

"नाही जात."

"जातोय हो!"

"ऐका माझं. अजून फूटभर. मग पायाला दगडांबाहेर आलेले ओंडके लागतील. स्प्रूसचे. मीच टाकलेत ते, सत्त्याऐंशीत. त्यांच्या खाली काही जात नाही. श्वास घ्या."

वेंडेलने श्वास घेतला. थोड्या वेळाने त्याचे डोळे मोठे झाले. "लागले," तो म्हणाला. "लागले पायाला!"

ऑरिनने नळी त्याच्या पायांच्या कडेने आत सारली. पाण्याने माती जरा सैल झाली की एक पाय वीतभर वर, मग दुसरा. पाऊण तास लागला. वेंडेल फळीवर आला तेव्हा त्याचे बूट आणि एक मोजा खालीच राहिले होते. दोन बरगड्या मोडल्या होत्या. लुसियन ऑरिनच्या पाठीवर थापा मारत होता, बघायला आलेलं समितीतलं कोणीतरी रडत होतं. रुग्णवाहिकेत चढवताना वेंडेलने ऑरिनचा हात धरला तो सोडेना.

लिओना काठावर उभी होती. ती ऑरिनकडेच बघत होती, जूनमध्ये हॉलमध्ये बघितलं होतं तशी.

घरी येताना ट्रकमध्ये, पाच मैल गेल्यावर, ती म्हणाली,

"तिथे खाली काय आहे, हे तुला माहीत होतं."

"हो."

"मी वळून पाहिलं तेव्हाही."

"हो."

"का, ऑरिन?"

त्याच्या हातांवरची माती वाळून पांढरी पडत चालली होती. "तू हसलीस," तो म्हणाला.

"मी? कधी?"

"तो बूच म्हणाला तेव्हा."

लिओनाने आठवून पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. दोन महिने ज्याच्यावर तो जगला होता ते तिच्या गावीही नव्हतं.

"माणूस मेला असता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ऑरिन कामावर गेला आणि लुसियनच्या गाडीच्या फळीवर खडूने सगळं काढून दाखवलं. कुठे माती, कुठे ओंडके, कुठे दगड. लुसियनने डोकं खाजवलं. "मुकादम, हे आधी…" म्हणाला आणि तिथेच थांबला. मग म्हणाला, "बरं. किती खोल जायचं?"

ऑरिन कोणी न सांगता रोज बारा-बारा तास उभा राहिला. जुना पाइप निघाला तो एका पट्ट्यात टांगून त्यांनी रस्त्याकडेला ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ऑरिन त्याच्यापाशी गेला. वरून पाइप धडधाकट होता. तळ मात्र गंजून चाळणी झाला होता. त्याने बोट टेकवलं तर ते आरपार गेलं. अजून दोन हिवाळे, फार तर तीन, की रस्ता खाली बसला असता, दुधाच्या गाडीसकट. त्याने पाइप पायाने लोटून पालथा केला, तळ झाडीकडे, आणि परत जाऊन डबा उघडला.

सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला नव्या चौकटीखालून पाणी सोडलं.

वेंडेल बरा झाला तो गावभर सांगत सुटला, ऑरिन नसता तर मी आज नसतो. पोस्टात, चर्चच्या घुगऱ्यांच्या जेवणात, पेट्रोल पंपावर. एकदा ॲपल-पाय घेऊन घरी आला, स्वतः केलेलं, कडेने करपलेलं. तिघं टेबलाशी बसून ते खात होते. लिओना मधूनमधून त्याला विचारत होती, बरगड्या दुखतात का, झोप लागते का. त्या गोष्टीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तेव्हाही नाही, साऱ्या हिवाळ्यातही नाही. ऑरिनशी ती चहा, लाकडं, छतावरचा बर्फ यांबद्दल बोलत होती.

एवढी एक गोष्ट तिची आणि त्याची होती, वेंडेलची नव्हती. असं काहीतरी असावं म्हणून ऑरिनने किती जीव जाळला होता! आता ते होतं, आणि त्याच्यामुळे दोघंच एका खोलीत बसू शकत नव्हते.

मार्चमध्ये गावसभा भरली. रस्ते, शाळा, अग्निशमनाचा बंब, सगळं संपल्यावर वेंडेल उठला.

"माझा एक प्रस्ताव आहे. मीडो ओढ्यावरच्या नव्या मोरीला 'स्टॅकपोल मोरी' असं नाव द्यावं. कारण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षस्थानी बसलेल्या थेल्मा बकनमने हातोडी उचलली. माणसं उभी राहायला लागली. अगदी तेव्हासारखी. ऑरिनने लिओनाकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते, एकावर एक.

"थांबा," ऑरिन म्हणाला.

त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. तो उठला आणि समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तिथे खाली निळी माती आहे हे मला बत्तीस वर्षं माहीत होतं. जूनमध्ये यांनी मला याच हॉलमध्ये विचारलं. मी सांगितलं नाही. विसरलो म्हणून नाही. मुद्दाम." त्याने वेंडेलकडे मान वळवली. "हे त्या खड्ड्यात पडले ते माझ्यामुळे पडले. नाव-बिव नको."

तो बसला. मागे कोणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला.

"वेंडेल," थेल्मा अखेर हळूच म्हणाली, "प्रस्ताव मागे घेताय का?"

वेंडेल उभाच होता. त्याची मान तिरकी झाली होती, ऐकताना व्हायची तशी. "घेतो," तो म्हणाला.

सभेनंतर जेवण होतं. लोक ऑरिनला वाट देत होते, जरा जास्तच. तो कोट चढवत असताना वेंडेल त्याच्यासमोर आला. रागावलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता.

"का, ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "मला अंदाज आहे, आणि तो खरा निघाला तर मलाच शरम वाटेल. मला फक्त एक सांगा. लिओनाला माहीत होतं?"

ऑरिनला कळलं, आपल्या हातात काय आलंय ते. एक 'हो' म्हटलं की झालं. मग ना गाडी दारात येणार, ना 'वेन म्हणतो'. आणि ते खरंही होतं. दोन वर्षं तो ज्या शब्दाची वाट बघत होता तो नुसता जिभेवरून सोडायचा होता.

"नाही," ऑरिन म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं."

"होतं."

लिओना मागेच उभी होती, हातात तिने आणलेलं रिकामं भांडं.

"ऑगस्टपासून माहीत होतं, वेन. तू फळीवर आलास त्याच क्षणापासून. मी बोलले नाही."

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. मग भांड्याकडे. मग त्याने खुंटीवरची आपली टोपी शोधली आणि ती हातातच धरून बर्फात बाहेर गेला.

एप्रिलमध्ये त्याने समितीचा राजीनामा दिला, प्रकृतीचं कारण देऊन. कागदपत्रांचा खोका त्याने थेल्माकडे पोचवला, लिओनाकडे नाही. दुकानात भेटले की दोघं हवापाण्याचं बोलायचे. ऑरिनने एकदा पावाच्या फडताळाआडून ते पाहिलं. दोघंही फार सभ्यपणे बोलत होते.

मे महिन्याच्या मध्यावर मासे आले.

ऑरिनला लुसियनकडून कळलं. सकाळी आठच्या सुमाराला तो ट्रक अलीकडेच उभा करून चालत गेला. काळ्या माश्या कानाशी घोंगावत होत्या. मोरीखाली पाणी गुडघाभर, संथ, तळाशी गोटे आणि वाळू, ओढ्यात असावी तशी. लिओना वरच्या अंगाला कठड्याशी घडीच्या खुर्चीवर बसली होती. हातात मोजणीचं छोटं यंत्र. दुसरी खुर्ची कठड्याला टेकवून ठेवलेली होती, मिटलेलीच.

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. रस्त्याखालच्या सावलीतून मासे बाहेर येत होते. हातभराला थोडे कमी, पाठी काळपट हिरव्या, वळले की पोटाची चांदी. पाच-सात यायचे, जरा थांबायचे, सगळ्यांची तोंडं वरच्या तळ्याकडे, आणि मग एकदम निघून जायचे. उडी कशावरूनच मारायची नव्हती. लिओनाचा अंगठा हलत होता.

"किती झाले?" ऑरिनने विचारलं.

मोजताना बोलता येत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

एक थवा निघून गेल्यावर ती म्हणाली, "तिथे उभा राहू नकोस." आवाजात राग नव्हता. तिने डोळे पाण्यावरून काढले नाहीत. "तुझी सावली पाण्यावर पडते. बिचकतात ते."

ऑरिनने खाली पाहिलं. मोरीच्या तोंडापाशी त्याची सावली पडली होती, टोपीसकट, आणि तिच्या कडेशी आठ-दहा मासे थबकून उभे होते.

तो दोन पावलं मागे सरला. सावली पाण्यावरून निघून काठावरच्या गवतावर आली. ती अजून जवळच वाटली म्हणून तो रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिला. तिथून मासे दिसत नव्हते. लिओनाची पाठ दिसत होती, आणि थोड्या वेळाने यंत्राचा आवाज ऐकू यायला लागला. टिक्. टिक्. मग बरेच, एकापाठोपाठ एक.